डेटाबेसमध्ये ३८ हजार नोंदी, गुगलमध्ये जेमतेम ९००, बाकीच्या पोचवायच्या कशा?

पानफूल

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळायचं नाही. मी वनस्पतींच्या माहितीची एक साइट एकटीच सांभाळते, पीएचपी आणि मायएसक्यूएल, डेटाबेसमध्ये ३८ हजाराच्या आसपास नोंदी आहेत, शास्त्रीय नाव, कूळ, पानाचा आकार, फुलाचा रंग, बहराचे महिने, जमीन कशी लागते असं सगळं. कित्येक वर्षं रात्री जागून एकेक नोंद तपासून भरलीय, जीव अडकलाय त्यात.

अडचण अशी की होमपेजवर फक्त एक सर्च बॉक्स होता, नाव टाकलं की नोंद उघडते. माणसांना ते सोपं जातं, पण गुगलमध्ये एखादं शास्त्रीय नाव अक्षर न् अक्षर टाकलं तरी माझं पान येत नाही. सर्च कन्सोल (आपली साइट गुगलला कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) म्हणतं इंडेक्स झालेली, म्हणजे गुगलच्या सूचीत गेलेली पानं ९०० च्या घरात. मग कुणीतरी म्हणालं लिंकाच नाहीत तर गुगल जाणार कुठून, ते पटलं, म्हणून मागच्या महिन्यात डाव्या बाजूला फिल्टर लावले, फुलाचे रंग १०, पानाचे आकार ८, महिने १२, जमिनीचे प्रकार ५, वर सॉर्टिंगचे तीन पर्याय, आणि प्रत्येकाला लिंक दिली. तर आता 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' (पत्ता सापडला, पण पान अजून सूचीत नाही) मधला आकडा सहा लाखाच्या पुढे गेलाय!! नोंदी ३८ हजार, मग सहा लाख पानं आली कुठून? इंडेक्स झालेली मात्र तेवढीच, आणि सर्व्हर अधूनमधून पार झोपतो.

नोंदीचा पत्ता म्हणजे शो डॉट पीएचपी, पुढे प्रश्नचिन्ह आणि आयडी बरोबर ४५१२ असा. प्रश्नचिन्हवाले पत्ते गुगलला चालत नाहीत असं एका जुन्या लेखात वाचलं. सगळे बदलून वनस्पतीच्या नावाचे करू का? एकदा हात लावला की मागे फिरता येणार नाही म्हणून आधी विचारतेय.

लॉगवाचक

पत्त्यांना आत्ता अजिबात हात लावू नका, प्रश्नचिन्हाचा यात काही दोष नाही. गुगलने २००८ मध्येच सांगून टाकलंय की डायनॅमिक पत्ते आम्हाला वाचता येतात, उगाच स्टॅटिकसारखे दिसावेत म्हणून बदलत बसू नका. तुमच्या बाबतीत तर आयडीवाला पत्ता फायद्याचाच आहे, कारण वनस्पतींची शास्त्रीय नावं बदलतात, आयडी बदलत नाही. नाव पत्त्यात घातलंत आणि उद्या ती जातीच दुसऱ्या प्रजातीत हलवली की पत्ता पण हलवायचा, वर जुन्यावरून रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर आपोआप पाठवणं) लावत बसायचं.

आता ९०० का आणि सहा लाख का, दोन्हीचं मूळ एकच आहे. गुगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्रॅम, तुमच्या बॉक्समध्ये नाव टाइप करत नाही, बटण दाबत नाही, पान खाली सरकवत नाही. त्याला कळते ती ए टॅगमधली एचरेफवाली, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली साधी लिंक. २००८ मध्येच काही साइटवरचे फॉर्म शब्द भरून उघडून बघायचा प्रयोग गुगलने केला होता, पण त्याच्या भरवशावर साइट ठेवता येत नाही. म्हणजे तुमच्या नोंदी होत्या पण त्यांच्यापर्यंत वाट नव्हती. आणि मग तुम्ही वाट काढलीत ती फिल्टरची.

कागद घेऊन मांडून बघा. प्रत्येक फिल्टरला 'काहीच निवडलं नाही' हा एक पर्याय धरला तर ११ गुणिले ९ गुणिले १३ गुणिले ६, झाले ७,७२२. इथवर ठीक. पण मला दाट शंका आहे की फिल्टरवर क्लिक केलं की तुमचा कोड नवा पॅरामीटर (काय निवडलं ते सांगणारा तुकडा) पत्त्याच्या शेवटी चिकटवतो. तसं असेल तर आधी रंग मग महिना आणि आधी महिना मग रंग ही दोन वेगळी पानं झाली, चारही फिल्टर लावले तर तीच यादी २४ पत्त्यांवर. सगळे क्रम धरून बेरीज येते १,३०,७६८, त्याला तीन सॉर्टिंगने गुणा, ३,९२,३०४. आणि यात अजून पान २, पान ३ धरलेलेच नाहीत! सहा लाख तिथून आले. बॉट त्या जंगलात फिरतोय आणि नोंदींच्या पानांवर जायला त्याला वेळच मिळत नाहीये.

एक काम करा, काही बदलायच्या आधी सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (कुणी कधी कुठलं पान मागितलं त्याची यादी) उघडून तासाभराच्या गुगलबॉटच्या ओळी वाचा. नुसत्या नावावर जाऊ नका, गुगलबॉट असल्याची बतावणी करणारे खूप असतात, आयपीचा (नेटवरच्या नंबराचा) रिव्हर्स डीएनएस, म्हणजे त्या नंबरावरून निघणारं नाव बघा, शेवटी गुगलबॉट डॉट कॉम यायला हवं, आणि त्या नावावरून परत तोच आयपी मिळायला हवा.

झटपट_काम

एवढं कशाला, फिल्टरची सगळी पानं रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) बंद करा आणि वर नोइंडेक्स ('हे पान सूचीत घेऊ नको' अशी खूण) पण लावा म्हणजे दुहेरी कुलूप. आणि नोंदींसाठी गुगलची इंडेक्सिंग एपीआय (पत्ते थेट गुगलला कळवायची सोय) आहे, रोज थोडे थोडे करून सगळे ३८ हजार पत्ते ढकला. मी ऐकलंय एकदोन दिवसात येतात.

तिसरी_पाळी

@झटपट_काम, मदतीचा हेतू चांगला आहे पण दोन्ही गोष्टी करू नका असं मी म्हणेन. रोबॉट्समध्ये दार बंद केलं की बॉट ते पान उघडतच नाही, मग आत लिहिलेलं नोइंडेक्स त्याला दिसणार कसं? दोन्ही एकत्र लावलं की नोइंडेक्स वाया जातं, आणि बाहेरून कुठून लिंक असेल तर तो पत्ता नुसता पत्ता म्हणून इंडेक्समध्ये येऊ पण शकतो. यांच्या केसमध्ये प्रश्न क्रॉलिंगचा (बॉटने पानं उघडत फिरण्याचा) भार हा आहे, त्यामुळे फिल्टरच्या जोड्यांसाठी नुसतं रोबॉट्स पुरेल. नोइंडेक्सने भार कमी होत नाही, ते वाचायला पान उघडावंच लागतं.

आणि ती एपीआय नोकरीच्या जाहिराती आणि लाइव्ह प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे, गुगलने तसं स्पष्ट लिहिलंय. वनस्पतींसाठी नाही. हां, इंडेक्सनाउ म्हणून एक आहे, मायक्रोसॉफ्ट बिंग आणि यांडेक्सने २०२१ मध्ये काढलं, नोंद बदलली की तेवढा पत्ता कळवायचा, ते जरूर लावा, पण गुगल ते वापरत नाही.

पानफूल ताई, तुम्हाला साइटमॅप (सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल) लागणारच. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते आणि उघडलेल्या फाइलचं माप ५० एमबी ही मर्यादा आहे, म्हणजे तुमचे ३८ हजार एकात मावतात. तरी मी सांगेन की कुळांप्रमाणे किंवा आयडीच्या पट्ट्यांप्रमाणे आठदहा फाइली करा आणि वर एक साइटमॅप इंडेक्स. कारण सर्च कन्सोलमध्ये इंडेक्सिंगचा रिपोर्ट एकेका साइटमॅपचा वेगळा बघता येतो, कुठल्या गटाची पानं अडकलीत ते लगेच कळतं. प्रायॉरिटी (पान किती महत्त्वाचं) आणि चेंजफ्रीक्वेन्सी (किती वेळा बदलतं) भरत बसू नका, गुगल ते बघत नाही. लास्टमॉड, म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख, मात्र बघतं, खरं असेल तर.

त्या 'खरं असेल तर' वर मी स्वतः चांगलाच पोळलोय म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या टेबलमध्ये अपडेटेड-अ‍ॅट कॉलम होता, ओळीत काहीही बदललं की मायएसक्यूएल आपोआप त्यात आत्ताची वेळ टाकायचं, साइटमॅपचा लास्टमॉड त्यावरूनच घेतला होता. सगळं नीट दिसत होतं. पण त्याच ओळीत 'किती वेळा पाहिलं' हा काउंटर पण होता! म्हणजे कुणीही पान उघडलं की काउंटर एकने वाढणार, ओळ बदलली म्हणून तारीख बदलणार, आणि स्वतः गुगलबॉट येऊन गेला तरी लास्टमॉड आजचा. रोज हजारो पानं 'आज बदलली' म्हणून आम्ही सांगत होतो आणि आत अक्षराचा फरक नाही. काही आठवड्यांनी लॉगमध्ये दिसायला लागलं की खरोखर बदललेल्या पानांकडे पण बॉट लवकर फिरकत नाहीये. काउंटर वेगळ्या टेबलमध्ये हलवला, तारीख फक्त मजकूर बदलला तरच बदलेल असं केलं, मग हळूहळू गाडी रुळावर आली. तुमच्याकडे असा काउंटर आहे का ते आधी बघा.

पानफूल

बापरे, काउंटर आहे. त्याच टेबलमध्ये आहे. आजच हलवते.

लॉग वाचला, रात्री २ ते ३ चा तास घेतला. लॉगवाचक, तुम्ही म्हणालात तसंच आहे, पांढरा रंग आणि जून महिना ही एकच यादी त्या तासात चार वेगवेगळ्या पत्त्यांवर उघडलीय, दोनदा क्रम उलटा, दोनदा सॉर्टिंग वेगळं. पण त्याहून मला धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीचा, बऱ्याच ओळी अशा आहेत की निळं फूल, फेब्रुवारी, क्षारयुक्त जमीन, आणि तो पत्ता मी स्वतः उघडला तर 'एकही वनस्पती सापडली नाही' एवढंच! म्हणजे त्या तासातल्या निम्म्याच्या वर हेलपाट्यांत बॉटला रिकामं पान मिळालंय, आणि लॉगमध्ये सगळीकडे २०० लिहिलंय. नोंदीची पानं त्या तासात फक्त अकरा.

आणि न राहवून आयडी ९९९९९ टाकून बघितलं, अशी नोंदच नाही, तरी 'माफ करा' असं पान येतं आणि तिथेही २००.

लॉगवाचक

तो २०० आधी काढा, बाकी सगळं नंतर. २०० चा अर्थ 'घे, हे पान आहे'. नसलेल्या नोंदीला ४०४ द्या, तुम्ही मुद्दाम काढून टाकलेल्या नोंदीला ४१० दिलंत तरी चालेल. कन्सोलमध्ये 'सॉफ्ट ४०४' चा आकडा दिसत असेल तुमच्याकडे, तो हाच. पीएचपीत क्वेरीचा निकाल रिकामा आला की मजकूर छापायच्या आधी स्टेटस कोड पाठवायचा, दोन ओळींचं काम आहे. आणि डेटाबेसच बंद पडला असेल तर ४०४ नाही हं, ५०३ ('आत्ता बंद आहे, नंतर ये')! हे उलटं झालं तर फार वाईट, डेटाबेस तासभर झोपला आणि चांगल्या नोंदींना ४०४ गेलं तर बॉट समजणार की नोंदच गेली. तुमचा सर्व्हर मधूनमधून झोपतो म्हणून मुद्दाम सांगतोय, कनेक्शन मिळालं नाही आणि नोंद मिळाली नाही या दोन गोष्टी कोडमध्ये वेगळ्या आहेत का ते तपासा.

आता वाट. तुमच्याकडे तर ती तयारच आहे, वनस्पतीशास्त्राने करून ठेवलीय: कूळ, मग प्रजाती (जीनस), मग जाती (स्पीशीज). होमपेजवरून 'सर्व कुळे' अशी एक साधी लिंक, त्या पानावर सगळी कुळं, प्रत्येक कुळाच्या पानावर त्यातल्या प्रजाती, प्रजातीच्या पानावर जाती. कोणतीही नोंद होमपेजपासून चार क्लिकच्या आत आली. माणसांना पण ते आवडेल, वाचत वाचत फिरता येतं.

क्यारीतली

मध्येच बोलते, मी प्रोग्रॅमर नाही, वनस्पतीशास्त्र शिकलेय. सपुष्प वनस्पतींसाठी २०१६ चं एपीजी ४ वर्गीकरण घेतलंत तर कुळं ४१६ होतात, म्हणजे एका पानावर आरामात मावतील. पण प्रजाती काही कुळांत शेकड्यांनी आहेत, तिथे काय करायचं?

आणि पर्यायी नावांचं काय? टोमॅटोचंच बघा, सोलॅनम लायकोपर्सिकम हे आता मान्य नाव, पण जुन्या पुस्तकांत सगळीकडे लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम. पानफूल, तुमच्याकडे दोन्हींच्या वेगळ्या नोंदी आहेत का? मी तुमची साइट पाहिली नाही पण अशा बहुतेक डेटाबेसमध्ये असतात.

पानफूल

आहेत! पर्यायी नावाची वेगळी ओळ, वेगळा आयडी, आणि पान उघडलं की मान्य नावाच्या नोंदीचाच मजकूर दाखवते. अशा ६ हजारांच्या वर निघतील.

तिसरी_पाळी

मग तेवढी जुळी पानं झाली. माझं मत, पर्यायी नावाच्या आयडीवरून मान्य नावाच्या पानावर ३०१ (कायमचा) रीडायरेक्ट करा आणि मान्य पानावर 'इतर नावे' म्हणून सगळी जुनी नावं मजकुरात लिहा, म्हणजे जुनं नाव शोधणारा पण तिथेच पोचेल. साइटमॅपमध्ये फक्त मान्य नोंदी ठेवा. रीडायरेक्ट नको असेल तर कॅनॉनिकल टॅग ('या मजकुराचं मुख्य पान ते' असं सांगणारा) आहे, २००९ पासून सगळी मोठी सर्च इंजिनं तो ओळखतात, पण ती सूचना असते, ऐकतीलच असं नाही. मजकूर शंभर टक्के तोच असेल तर रीडायरेक्टच बरा.

क्यारीतली, मोठ्या कुळांसाठी पानं पाडायची, पान १, पान २, आणि प्रत्येकाला खरी लिंक. 'आणखी दाखवा' बटण किंवा खाली सरकवलं की भरणारी यादी नको, किंवा ती ठेवायचीच असेल तर खाली नंबरच्या लिंका पण ठेवा. एक चूक मी फार ठिकाणी पाहिलीय, पान २, ३, ४ सगळ्यांचा कॅनॉनिकल पान १ कडे करून ठेवतात, मग पुढच्या पानांवरच्या नोंदींकडे जाणारी वाट बंद होते. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल त्याचा त्यालाच. नेक्स्ट-प्रीव्ह (पुढचं-मागचं पान सांगणाऱ्या) टॅगची आता गरज नाही, गुगलने २०१९ मध्ये सांगितलं की ते वापरणं बंद केलंय.

खोलवरची पानं काढताना लिमिट-ऑफसेट वापरत असाल तर सर्व्हर झोपायचं तेही एक कारण असू शकतं. ऑफसेट ३०,००० म्हटलं की मायएसक्यूएल आधीच्या तीस हजार ओळी मोजून फेकून देतं. साइटमॅप बनवताना तरी 'शेवटच्या आयडीपेक्षा मोठे पुढचे हजार' अशी क्वेरी लिहा आणि तयार फाइल रात्रीतून एकदा बनवून ठेवा, बॉट आला की दरवेळी बनवू नका.

झटपट_काम

रोबॉट्स आणि नोइंडेक्सचं मला खरंच माहीत नव्हतं, माझ्या दोन साइटवर दोन्ही लावून ठेवलंय, आज काढतो. पण एक विचारू का, फिल्टर सगळेच बंद करायचे? पांढऱ्या फुलांच्या वनस्पती असं लोक शोधतात की.

लॉगवाचक

चांगला प्रश्न. एकच फिल्टर असलेली पानं उघडी ठेवा, १० रंग, ८ आकार, १२ महिने, ५ जमिनी, झाली ३५ पानं. त्यांना स्वतःचा ठरलेला पत्ता, स्वतःचं शीर्षक, वर दोनचार वाक्यं माहितीची. दोन किंवा जास्त फिल्टरच्या जोड्या माणसांसाठी ठेवा पण पत्त्यात हॅशच्या (#) पुढे टाका, हॅशच्या पुढचं गुगल सहसा वेगळं पान धरत नाही. ते जमत नसेल तर जोड्यांसाठी वेगळा फोल्डर करा आणि तो रोबॉट्समध्ये बंद. पूर्वी कन्सोलमध्ये पॅरामीटर सांगायचं टूल होतं, ते २०२२ मध्ये काढून टाकलं, त्यामुळे जुन्या लेखांत तो सल्ला दिसला तर सोडून द्या.

अजून एक, तुमच्या नोंदीच्या पानाचं टायटल काय आहे?

पानफूल

सगळ्यांचं एकच... 'वनस्पती माहितीकोश'. टेम्प्लेटमध्ये तेवढंच लिहिलंय.

लॉगवाचक

तेही बदला, टायटलमध्ये शास्त्रीय नाव आणि कूळ डेटाबेसमधून येऊ दे. ३८ हजार पानांना एकच नाव असेल तर कुठलं पान कशाबद्दल आहे ते वरवर तरी कळणार कसं?

पानफूल

सात आठवड्यांनी परत आलेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

पहिल्या आठवड्यात ४०४ आणि ५०३ वेगळे केले, काउंटर हलवला. मग फिल्टरच्या जोड्या हॅशमध्ये नेल्या, जुने पत्ते रोबॉट्समध्ये बंद केले. कुळांची वाट बनवायला सगळ्यात जास्त वेळ गेला कारण करताना लक्षात आलं की चारशेच्या वर नोंदींना कूळच भरलेलं नव्हतं, त्या कुठल्याच पानावर येत नव्हत्या, क्यारीतलीने त्यातल्या बऱ्याच तपासून दिल्या, तिचे फार आभार. पर्यायी नावांचे रीडायरेक्ट शेवटी केले, ते काढल्यावर मान्य नोंदी उरल्या ३१ हजारांच्या थोड्या वर. साइटमॅप नऊ फाइलींचा.

पहिले तीन आठवडे आकडा हललाच नाही, रोज सकाळी उठून बघायचे. चौथ्या आठवड्यात लॉगमध्ये आधी फरक दिसला, तोच रात्री २ ते ३ चा तास, आता जवळजवळ सगळ्या ओळी नोंदींच्या पानांच्या. मग कन्सोल हलायला लागलं, आज १९ हजारांच्या वर इंडेक्स आहेत. सहा लाखवाला आकडा उतरतोय, त्यातले बरेच आता 'रोबॉट्सने अडवलेले' मध्ये दिसतात, त्याची काळजी करायची का?

अजून एक अडलंय. नऊपैकी दोन साइटमॅपमधली पानं 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' (बॉटने वाचलं, पण सूचीत घेतलं नाही) मध्येच अडकलीत, उघडून बघितली तर तिथल्या नोंदींत फक्त नाव आणि कूळ आहे, बाकी रकाने रिकामे.

तिसरी_पाळी

अडवलेल्यांची काळजी नको, ते तसेच पडून राहतील आणि कमी होत जातील. रोबॉट्समधली ती ओळ मात्र आकडा उतरला म्हणून काढू नका.

त्या दोन साइटमॅपना तांत्रिक उपाय नाही. बॉट आला, पान वाचलं, त्यात दोन शब्द मिळाले. अशा नोंदी तूर्त साइटमॅपमधून काढा, प्रजातीच्या पानावर नाव राहू दे, आणि रकाने भरले की परत घाला. किती आहेत?

पानफूल

साडेचार हजार. कुळाप्रमाणे लावून घेतल्या, गवतांपासून सुरुवात केलीय, काल रात्री बावीस झाल्या.

क्यारीतली

गवतांची फुलं ओळखायला त्रास होईल, ती यादी मला पाठवा, रंगाचा आणि महिन्याचा रकाना मी भरते.